सुनेच्या उन्हाला काच

आमच्या सुनेचं तोंड यायचं. वर्षातून एखाद्या वेळी सगळ्यांचंच येतं, तसं नाही. तिचं दर तीन आठवड्यांनी यायचं, पाहुण्याने वार ठरवून घेतल्यासारखं. जिभेच्या कडेला, ओठाच्या आत, कधी गालाला पांढरे ठिपके आणि भोवती लालभडक कड. आठ-दहा दिवस मुक्काम. मग बरं वाटायचं, बिचारी सुखाने चार घास खायला लागायची, तोवर पुन्हा हजर.

ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी हे बघत होतो. आम्हाला त्याची सवय झाली होती. दुसऱ्याचं दुखणं असलं की सवय लवकर होते.

आमच्या हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, निदान ठरलेलं होतं. "उष्णता आहे अंगात. उन्हात जाऊ नकोस." सून गुणाची. बाहेर पडताना मनगटापर्यंत बाह्या, डोक्यावर छत्री, आणि रस्त्याची सावलीची बाजू. सहा वर्षं तिने हे पाळलं. तोंड यायचं ते येतच राहिलं.

मग तिला नोकरी लागली आणि हे दुखणं सगळ्या घराचं झालं.

नोकरी वाचायची होती. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करणारी एक संस्था आहे. तीसजणांचे आवाज ऐकून त्यांनी दोघांना निवडलं, त्यात आमची सून. त्याआधी सात वर्षं ती एका कचेरीत पाकिटांवर पत्ते लिहीत होती. निवडीचं कळलं त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, सात वर्षांत तिथे माझा आवाज कुणी ऐकला नाही. आणि इथे फक्त आवाजच ऐकला. मी कशी दिसते ते त्यांनी नंतर पाहिलं."

पण नोकरी कायमची नव्हती. एक जाडजूड कादंबरी हातात दिली होती, दीपगृहावर राहणाऱ्या एका कुटुंबाची. चौतीस प्रकरणं. चार महिन्यांत ती नीट वाचून पूर्ण केली तर कायम; नाही तर दुसरी वाचणारी पहिल्या पानापासून सुरुवात करणार, आणि सुनेने वाचलेलं सगळं पुसलं जाणार. तिथला नियमच तो. एका पुस्तकाला एकच आवाज. ऐकणाऱ्याला मध्येच दुसरी बाई लागली की त्याचं पुस्तकातलं घर मोडतं, असं त्या संस्थेच्या मोठ्या बाई म्हणायच्या.

पहिले तीन आठवडे झकास गेले. नंतर जिभेच्या उजव्या कडेला मसुराएवढा फोड आला.

रेकॉर्डिंग करणारा एक अबोल माणूस होता. त्याला तिथे सगळे कानसेन म्हणत. कानांवरचे हेडफोन तो जेवतानाच काढत असेल. त्याने अर्ध्या पानावर तिला थांबवलं आणि म्हणाला, "ताई, काल तुम्ही समुद्र म्हणत होता. आज नुसतंच काहीतरी ओलं म्हणताय."

ती हसली, पुन्हा वाचलं. पुन्हा थांबवलं. दुखऱ्या जागेला जीभ लागू नये म्हणून माणूस नकळत तोंड वाकडं करून बोलतो, आणि ते कानसेनला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. त्या आठवड्यात एकच प्रकरण झालं, आणि तेही मोठ्या बाईंनी बाजूला ठेवायला लावलं.

मुलगा फिरतीवर असतो, महिन्यातून दोन रविवार घरी. म्हणून डॉक्टरकडे मीच गेलो तिच्याबरोबर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण प्रश्न विचारायची पद्धत जुन्या फौजदारासारखी. काय खाता, झोप किती, घरात आणखी कुणाला आहे का, कामाची खोली कशी.

"तळघरात," सून म्हणाली. "भिंतींना स्पंज लावलाय. आवाज येऊ नये म्हणून खिडकीच नाही."

"आणि बाहेर उन्हात?"

"छत्री असते."

"पावसाची?"

"उन्हाची. आई म्हणतात उष्णता आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

रक्त तपासलं. लोह ठीक, बाकीचंही ठीक, फक्त ड जीवनसत्त्व तळाला. मला अक्षरं उशिरा आली, पण आकडे लहानपणापासून वाचतो, काचेची मापं घेण्यात जन्म गेलाय. कागदावर लिहिलं होतं, तीसच्या वर हवं. तिचं होतं नऊ.

"म्हणजे याच्यामुळे तोंड येतं?" मी विचारलं.

"तसं मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांचं तोंड सारखं येतं त्यांच्यात हे कमी सापडतं, असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. भरून काढल्यावर काहींचं थांबतं, काहींचं कमी होतं, काहींना फरक पडत नाही. पण नऊ म्हणजे फारच कमी. तोंडासाठी नाही तर हाडांसाठी तरी भरायलाच हवं." त्यांनी पुड्या लिहून दिल्या, आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे. "रोज घेऊ नका हं, आठवड्याला एकच. आणि छत्री घरी ठेवून थोडं उन्हात बसा. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू."

घरी येऊन हे सांगितलं तर आमची ही म्हणाली, "म्हणजे सहा वर्षं मीच पोरीला सावलीत वाळवली म्हणा ना." आणि छत्री कपाटावर टाकून दिली. चूक कबूल करायची तिची पद्धत अशीच आहे. ती कबूल करते आणि वर आपल्यालाच अपराधी वाटायला लावते.

आता माझं सांगतो.

पहिली पुडी तिने घेतली तेव्हा जिभेवर दोन फोड होते. पुडीतलं ते दाणेदार औषध दुधात नीट विरघळलं नव्हतं, फोडांवर बसलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या पुडीच्या वेळी ती पेला हातात धरून नुसती बसली, आणि मी म्हणालो, "ठेव गं ती. ऊन काय दुकानातून आणायचंय? मी देतो तुला ऊन."

आमचं काचेचं दुकान. खाली दुकान, वर तीन खोल्या, आणि पुढे दक्षिणेकडे तोंड केलेली बाल्कनी. ऊन तिथे भरपूर, पण वाराही भरपूर, आणि रस्त्याची धूळ. सुनेला कामावर बाराला जायचं असायचं. सकाळी साडेदहाला बाल्कनीत बसली की दोन मिनिटांत शाल गुंडाळून आत यायची. मी ठरवलं, बाल्कनीला काच घालायची. साधीसुधी नाही. चाळीस वर्षं लोकांच्या घरांना काचा बसवल्या. घरच्या माणसासाठी करायचं तर दुकानातली सगळ्यात वरची काच. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पडदा चिकटवलेली.

तीन दिवस खपलो. मापं अशी जुळली की फटीतून केस जाणार नाही. कडांना रबर, खाली गज, कोपरे घासून गुळगुळीत. चौथ्या दिवशी सून आत बसली, पाठीवर ऊन, मांडीवर कादंबरी. वारा नाही, धूळ नाही. "बाबा, झोप येते हो इथे," ती म्हणाली. मी दारात उभा राहून बघत होतो. एवढं समाधान मला दुकानाच्या उद्घाटनालाही झालं नव्हतं.

पुड्या डब्यात राहिल्या. रोज एक तास ऊन. एक दिवस चुकवला नाही तिने. आणि तोंड, दर तीन आठवड्यांनी, ठरल्याप्रमाणे.

काच बसवून आठ आठवडे झाले. कादंबरीची एकोणीस प्रकरणं झाली होती, त्यातली चार बाजूला ठेवलेली. मुदतीला महिनाही उरला नव्हता. आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो, रक्ताचा कागद घेऊन. त्यावर आकडा होता आठ.

"नऊचे आठ?" त्या म्हणाल्या. "उन्हात बसत नव्हता का?"

"रोज एक तास," सून म्हणाली.

"कुठे?"

"बाल्कनीत."

"उघडी आहे बाल्कनी?"

मला राहवेना. "छे, उघडी कशाला! मी स्वतः काच बसवलीय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कसली काच?"

कुणी काचेबद्दल विचारलं की माझं तोंड आपोआप सुरू होतं. "पडद्याची, बाई. एक नंबर. उजेड सगळा आत, ऊब आत. आणि दहा वर्षं सोफ्याचं कापड विटणार नाही, खिडकीचे पडदे विटणार नाहीत, लेखी देतो."

"का विटत नाहीत?"

"कारण उन्हात जे कापड खाणारं असतं ना, ते ही काच आत येऊच..."

वाक्य तोंडातच राहिलं. चाळीस वर्षं हे वाक्य मी गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, आणि ते मी स्वतः कधी ऐकलं नव्हतं.

"तेच, काका," त्या हळूच म्हणाल्या. "कापड खाणारं जे आहे, त्यातल्याच एका भागापासून कातडी ड जीवनसत्त्व बनवते. साधी काचसुद्धा ते अडवते. तुम्ही तर वरचढ काच लावलीत."

सुनेने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आणि फोड ताणले जाऊन दुखत होतं म्हणून हात धरला होता. "बाबा," ती म्हणाली, "दोन महिने मी सोफ्यासारखी बसले हो. मुळीच विटले नाही."

"आणि पुड्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच म्हणालो ठेव म्हणून," मी म्हणालो.

"मीच ठेवल्या," ती म्हणाली.

"कुणीही ठेवल्या असोत, डब्यातून फायदा होत नाही," त्या म्हणाल्या. "नीट विरघळवा, नळीने प्या म्हणजे फोडांना लागणार नाही. काच काढा. आणि धीर धरा. इतकी रिकामी झालेली गोष्ट चार दिवसांत भरत नाही."

रस्त्यात ती हसायची थांबली. कोपऱ्यावर म्हणाली, "तीन आठवडे राहिलेत, बाबा. पंधरा प्रकरणं, आणि ती चार." बस. तिने मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी मी काचा काढायला घेतल्या. बसवायला तीन दिवस लागले होते, काढायला दीड तास. समोरच्या घरातल्या शिंपीणबाई खिडकीत आल्या. "का हो, फुटली का काच?"

"काच नाही," आतून आमची ही ओरडली, "ह्यांचा गर्व फुटलाय. तुकडे गोळा करायला झाडू घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी सुनेला न सांगता मी तिच्या संस्थेत गेलो. मुद्दाम सकाळी गेलो, ती यायच्या आत. तळघरात उतरून एक अरुंद खोली होती. तिथे कानसेन बसायचा, आणि समोर वाचायची खोली, मध्ये जाड खिडकी. दोन काचा होत्या, एक जाड एक पातळ, आणि एक किंचित तिरकी बसवलेली. ज्याने बसवली त्याला काम येत होतं. पण त्या दिवशी काचेचं कौतुक करायची माझी हिंमत नव्हती.

मोठ्या बाई पांढऱ्या केसांच्या, उंच. मी सगळं सांगितलं, पडद्याच्या काचेसकट. "चूक माझी आहे. पोरीने एक दिवस चुकवला नाही. तिला थोडी मुदत द्या."

"तिने पाठवलं तुम्हाला?"

"नाही हो. कळलं तर घरात घ्यायची नाही."

त्यांनी कानसेनला खूण केली. त्याने मला हेडफोन घातले आणि दोन तुकडे ऐकवले. पहिल्यात सून वाचत होती. दीपगृहावरची आई जिना चढते आहे, पायऱ्या मोजते आहे. मला जिना दिसला. दुसऱ्या तुकड्यातही सूनच होती, शब्द तेच, पण आता दिसत होती ती तोंड दुखणारी बाई. जिना कुठेच नव्हता. घरात रोज ऐकूनही मला हा फरक कळला नव्हता.

"ऐकणाऱ्याला फक्त हेच मिळतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी कडक आहे."

मी मान हलवली.

"पण तुम्ही उशिरा आलात. काल संध्याकाळी तीही येऊन गेली. म्हणाली, औषध मीच बंद केलं, चूक माझी, सहा आठवडे वाढवून द्या. आज तुम्ही म्हणता चूक तुमची. तुमच्या घरात चुकीला फारच मागणी दिसते." कानसेन पहिल्यांदाच हसला. "मी तिला सहा आठवडे दिलेत. मुदतीला तीन आहेत, त्यात हे सहा. नऊ. एक अट आहे. तोंड आलेलं असेल त्या दिवशी इथे यायचं नाही. ठिगळं मला चालणार नाहीत. नऊ आठवड्यांत नाही झालं, तर दुसरी वाचेल."

संध्याकाळी सून घरी आली ती थेट माझ्यापुढे. कानसेनने सांगितलंच होतं. "बाबा, माझं तोंड आहे ना? मग माझ्यासाठी बोलायला ते पुरेसं आहे."

"चुकलं," मी म्हणालो.

"दोनदा चुकलं."

"दोनदा चुकलं."

मग ती बसली. "दूध गरम करा आता. आज पुडी घ्यायची आहे."

ती पुडी मी स्वतः ढवळली. पाच मिनिटं ढवळली. आमची ही म्हणाली, "पेल्याला भोक पडेल."

रोज साडेदहाला सून उघड्या बाल्कनीत बसायला लागली, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. उन्हात अर्धाच तास, त्वचा लाल व्हायच्या आत उठायचं. वारा होताच. आमची ही सोबतीला बसायची, अगदी सावलीच्या कडेला, कारण स्वतःच्या बाबतीत उष्णतेचा तिचा मुद्दा अजून कायम होता. सून कादंबरी मोठ्याने वाचून सराव करायची आणि ही मध्येच म्हणायची, "थांब गं, त्या म्हाताऱ्याने दिवा लावला की नाही तेवढं सांगून जा."

दोन आठवडे चांगले गेले. सहा प्रकरणं झाली. तिसऱ्या आठवड्यात सकाळी ती आरशापुढे खालचा ओठ उलटा करून उभी होती. मला बघून तिने ओठ सोडला. "आलंय," एवढंच म्हणाली. एक नाही, तीन. आजवरचे सगळ्यात मोठे.

ते दहा दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. अटीप्रमाणे ती कामावर गेली नाही. बाल्कनीत बसायची पण पुस्तक मिटलेलं. एकदा मला म्हणाली, "बाबा, मी कदाचित त्या काहींमधली असेन. ज्यांना फरक पडत नाही."

मला खोटा धीर देता येईना. "असशील," मी म्हणालो. "पण पुड्या चारच झाल्यात. डॉक्टरीणबाई आठ म्हणाल्या होत्या. मी माप अर्धं घेऊन काच कापत नाही."

"तुम्ही अख्खं माप घेऊन काय केलंत ते माहीत आहे मला," ती म्हणाली. पण पुस्तक उघडलं.

फोड गेले. ती पुन्हा तळघरात उतरली, आणि हरवलेले दिवस भरून काढायला रोज एक तास जास्त थांबली; बाजूला ठेवलेली चार प्रकरणंही नव्याने वाचली. आणखी तीन आठवडे झाले. आम्ही सगळे मनातल्या मनात मोजत होतो. एकविसावा दिवस आला. काही नाही. बाविसावा. काही नाही. पंचविसाव्या दिवशी गालाच्या आत एक बारीक ठिपका दिसला, मोहरीएवढा. दोन दिवस ती घरी राहिली, तिसऱ्या दिवशी तो होता की नव्हता हे शोधावं लागलं.

आठवी पुडी संपल्यावर रक्त तपासलं. एकतीस. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "छान. पण यामुळेच तोंड थांबलं असं मी लिहून देणार नाही हं. पुन्हा येऊही शकेल. आकडा खाली जाऊ देऊ नका, आणि आता पुडी महिन्याला एकच."

"लिहून नका देऊ," सून म्हणाली. "मला परवा शेवटचं प्रकरण वाचायचंय, तेवढं पुरे."

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी ती मला म्हणाली, "चला, बाबा. या वेळी मी बोलावतेय."

मी कानसेनच्या बाजूला स्टुलावर बसलो. काचेपलीकडे सून. पाणी प्यायली, पान सरळ केलं, वाचायला लागली. दीपगृह बंद होतं, ते कुटुंब सामान बांधतं, आई शेवटचा जिना उतरते. मी मध्येच विसरलो की ही आमची सून आहे. एकदाच ती अडखळली, तेही पान चिकटलं म्हणून. कानसेनने डोळे मिटले होते. बटणावर ठेवलेलं त्याचं बोट शेवटपर्यंत हललं नाही.

वाचून झाल्यावर मोठ्या बाई आल्या. त्यांनी नववं प्रकरण लावायला सांगितलं, जे पहिल्या चांगल्या दिवसांत वाचलेलं होतं, मग लगेच आजचं. पुन्हा नववं. पुन्हा आजचं. सून दारात उभी होती, हात पदराशी चाळा करत.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"दोन्हीत एकच बाई आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी पुढचं पुस्तक घेऊन जा. जाड आहे हं."

मला वाटलं ती आता रडेल, किंवा बाईंच्या पाया पडेल, किंवा माझ्याकडे तरी बघेल. तिने यातलं काहीच केलं नाही. दोन पावलं पुढे आली आणि विचारलं,

"किती पानं?"